खजुराच्या दोन वाट्या

मेथीची जुडी हातात धरून सुफिया भाव पाडत होती, तेवढ्यात कुणीतरी मागून तिच्या बुरख्याची बाही ओढली. तिला आधी रागच आला. शिरूरच्या मंडईत धक्के लागायचेच, पण बाही ओढायची म्हणजे जरा जास्तच झालं. वळून पाहिलं तर चाळिशीची एक बाई, ठसठशीत कुंकू, काखेत पिशवी, आणि चेहरा असा की आता ही भांडणार. "अरबी शिकिवणाऱ्या बाजी तुमीच न्हवं?" ती म्हणाली. "मी सुवर्णा. तुमची जैतून माझ्याच लाईनीवर हाय, पॅकिंगला. आज गुरवारची सुट्टी म्हणून घावलात." सुफियानं मान हलवली. जैतून म्हणजे जुमेरातीच्या दर्सला, सुफियाच्या गुरुवारच्या धर्मवर्गाला, मागच्या भिंतीशी बसणारी, वडगाव रासाईकडून लग्न होऊन आलेली, कधी प्रश्न न विचारणारी पोर. सुवर्णानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "उद्या सकाळी कंपनीत कमिटी बसणार हाय. आमचा सुपरवायझर, त्यो इनुस, त्यानं हिला बॉक्सच्या खोलीत अडवून धरलं. मी भाईरच हुते. दार वाजिवलं तवा सोडली. हिची ओढणी आत त्याच्या बुटाखाली ऱ्हायली हुती. आमी अर्ज दिला, हिनं सही बी केली. आन् आता म्हणती, मी कायबी बोलणार न्हाई." "का?" सुफियानं विचारलं. सुवर्णा तिच्याकडं बघतच राहिली. "का म्हंजी? तुमीच सांगितलंय म्हनं. मानसाच्या माघारी त्याचं वाईट बोललं की आपलं समदं पुण्य त्याच्या पदरात जातं. खरं हाय का?" "खरं आहे, पण..." "मंग ह्यो कुठला न्याय हो बाजी? अंगाला हात त्यो लावणार, आन् हिचे रोजे बी त्यालाच?"

यावर सुफियाकडं उत्तर होतं. पाठ होतं, अरबीत आणि उर्दूतही. पण मंडईत, मेथी हातात धरून, ते तोंडातून निघेना. भाजीवाली म्हणाली, घ्यायची का नाही ताई, आणि सुफियानं घासाघीस सोडून जुडी पिशवीत टाकली. सुवर्णा जाता जाता थांबली. "ती बोलली न्हाई तर मला बी गेटच्या भाईर काढत्याल, कारण मी साक्षीदार. पण ते ऱ्हाऊ द्या. ती पोर जेवत न्हाई. डबा आणती तसाच घरी नेती." एवढं बोलून ती गर्दीत शिरली. सुफिया घराकडं निघाली, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपली बाही अजून वर ओढलेलीच आहे, मनगट उघडं आहे. ती तिनं झटक्यानं खाली ओढली, आणि याचाही तिला राग आला.

तो सबक, तो धडा, तिला नीट आठवत होता. आठवायचं कारण असं की तो फार छान झाला होता. गीबत, म्हणजे कुणाच्या माघारी त्याचं वाईट बोलणं, हा विषय तिनं याआधीही घेतला होता, पण तेव्हा बायका जांभया देत होत्या. दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या, सुट्टीच्या दिवशी धुणं उरकून आलेल्या बायका. त्यांना उर्दू जडच जायचं. कुणी कवठे येमाईची, कुणी वडगावची, घरात सगळी मराठीच. म्हणून सुफिया मराठीत समजावायची, आणि त्या दिवशी तिनं दोन वाट्या घेतल्या. एक भरलेली, एक रिकामी. ही भरलेली तुमची, यातले खजूर म्हणजे तुमच्या नमाजा, तुमचे रोजे. ही रिकामी नणंदेची. आता नणंदेबद्दल शेजारणीपाशी बोललात? एक खजूर गेला. जावेबद्दल बोललात? गेला. बायका हसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या, आणि सुफियाला त्या हसण्याची गोडी लागली. ती खजूर उचलून टाकत राहिली. मालकिणीबद्दल? गेला. सुपरवायझरबद्दल? गेला. होय, सुपरवायझर हा शब्द तिनंच वापरला होता, कारण तो बायकांच्या ओळखीचा. शेवटी तिनं रिकामी झालेली वाटी उपडी करून दाखवली, आणि खोलीत एकदम शांतता झाली. तेवढ्यात असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली, सगळ्या उठल्या. सबकाचा पुढचा भाग राहिला. तो फार महत्त्वाचा आहे असं तेव्हा तिला वाटलंही नाही. हसू आलं होतं, शांतता झाली होती, शिकवणाऱ्याला आणखी काय लागतं? आता तिला दिसत होती ती भिंतीशी बसलेली जैतून. ती हसली होती का? सुफियानं डोक्याला खूप ताण दिला, पण जैतूनचा चेहरा तिला आठवेना. त्या दिवशी तिनं तिकडं पाहिलंच नव्हतं.

पुढचा भाग हाजरा उस्तानींनी तिला दौंडला शिकवला होता. रेल्वेच्या रुळांपलीकडं मुलींचा मदरसा, पत्र्याचं छप्पर, मालगाडी गेली की उस्तानी बोलायच्या थांबायच्या आणि गाडी संपली की त्याच शब्दापासून पुढं सुरू व्हायच्या. गीबत कुणाला लागू नाही हे त्यांनी बोटांवर मोजून पाठ करून घेतलं होतं. सुरुवात अंगठ्यापासून. जिच्यावर जुलूम झाला, ती न्याय देऊ शकणाऱ्यापुढं बोलली तर ती गीबत नाही. अंगठा पहिला का, असं सुफियानंच विचारलं होतं, कारण प्रश्न विचारायची तिला लहानपणापासून खोड. उस्तानी म्हणाल्या होत्या, अंगठ्याशिवाय मूठ आवळून दाखव. सुफियानं घराच्या पायरीशी उभं राहून नकळत मूठ वळली. हातात मेथीची पिशवी होती. बाकीची बोटं तिला धडाधड आठवली, आणि आपल्याला सगळं येतं आणि तरी आपण ते सांगितलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

पण तो सबक निवडला कुणी? पिशवी ओट्यावर ठेवताना हा प्रश्न तिच्या मनात आला. सुलतानबीनं. ज्यांच्या पुढच्या खोलीत दर्स भरतो त्या सुलतानबी, इनुसची आई. शिरूरला लग्न होऊन आली तेव्हा सुफियाजवळ मदरशाची सनद होती आणि शिकवायला जागा नव्हती. मशिदीच्या मंडळींनी बघू, करू, असं म्हणत वर्ष घालवलं. सुलतानबीनं मात्र एका दुपारी नवऱ्याच्या बैठकीची खोली झाडून दिली, सतरंजी अंथरली आणि म्हणाल्या, पोरी, इल्म असा पेटीत ठेवू नये. गल्लीतल्या बायका तिला बाजी म्हणायला लागल्या त्या सुलतानबी म्हणायला लागल्या म्हणून. आजारात त्यांनी तिच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. अशा बाईबद्दल वाईट विचार करायचा म्हणजे... तिनं स्वतःला थांबवलं. पण शब्द आठवलेच. "बाया लई बोलायला लागल्यात पोरी. त्यांना गीबतचा सबक दे एकदा. चांगला जोरात दे." जैतूनच्या सहीनंतरची गोष्ट की आधीची? सुवर्णा म्हणाली, अर्ज दिला, सही केली, आणि मग... सुफियाला हिशेब जुळवायचा नव्हता. तो आपोआप जुळत होता.

सलमान जेवायला आला. तिचा नवरा, कंपनीच्या बायकांना नेणारी-आणणारी व्हॅन चालवायचा, आणि ते काम त्याला इनुसनंच मिळवून दिलं होतं. तो भाकरी मोडत होता आणि ती समोर बसून होती. सांगावं का? तोंड उघडलं आणि तिथंच अडलं. सलमान न्याय देऊ शकणारा आहे का? नाही. मग त्याला सांगणं म्हणजे गीबतच की. आपलाच सबक आपल्याच गळ्यात येऊन बसलाय असं तिला वाटलं, आणि या भलत्या वेळी हसूही आलं. शेवटी तिनं आडून विचारलं, "जैतून व्हॅनमध्ये कुठं बसते?" सलमानचा घास थांबला. "पार मागं," तो म्हणाला. "आधी पुढच्या शिटावर बसायची." "आणि इनुसभाई?" त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, ठेवला. "मी पुढं बघून गाडी चालवतो, सुफिया," तो म्हणाला. "आरशात बघत बसलो तर गाडी कुठंतरी आदळंल." म्हणजे त्यालाही माहीत होतं. चांगला माणूस आहे तो, आवाज न चढवणारा, पण त्या क्षणी तिला त्याच्या पाठीवर दोन धपाटे घालावेसे वाटले. तो हात धुऊन गेला आणि त्याच्या ताटात मेथीचा घास तसाच राहिला होता.

मग तिनं दौंडला अम्मीला फोन लावला. का लावला हे तिला सांगता आलं नसतं. अम्मी दौंड जंक्शनच्या यार्डात उभ्या गाड्या झाडायची, ठेकेदाराकडं. डबे, संडास, खिडक्या. संध्याकाळी घरी आली की पहिलं मोरीत जायची आणि मान घासायची. हात नव्हे, पाय नव्हे, जे खरे घाण झालेले असायचे ते नव्हे. मान. वाळलेल्या दोडक्याच्या काथ्यानं, लाल होईपर्यंत. लहान सुफिया दारात बसून बघायची आणि तिला वाटायचं, गाड्यांची धूळ मानेवरच बसत असणार. खूप वर्षांनी, मदरशात शिकत असताना, एका रात्री मालगाडी गेली आणि ती गेल्यावरच्या शांततेत तिला एकदम कळलं होतं की धूळ काही मानेवरच बसत नाही. ते कळलं आणि तिनं कूस बदलली. पुढं कधी विषय काढला नाही. पोरगी मोठी झाली, सनद मिळाली, अम्मीनं यार्ड सोडलं, मान आता बरी होती. फोनवर अम्मी नातवंडांचं, गुडघ्याचं, पाण्याच्या टँकरचं बोलत होती. सुफियानं मध्येच विचारलं, "अम्मी, यार्डमें तेरेको तकलीफ देनेवाला कौन था?" पलीकडं, मागं कुठलीतरी गाडी लागल्याची घोषणा ऐकू आली. "मर गया वो," अम्मी म्हणाली. "तू कभी बोली कायकू नै?" अम्मीनं श्वास सोडला. रागावली नाही, रडली नाही. टँकर का आला नाही हे सांगावं तशा आवाजात म्हणाली, "किसने पूछाच नै, बेटा."

दर्सची वेळ झाली तेव्हा सुफिया घराबाहेर पडली. सुलतानबीच्या ओट्यावर इनुस उभा होता, हातात खजुराचा डबा. तिला पाहताच त्यानं नजर खाली घेतली. नेहमीच घ्यायचा. सगळी गल्ली म्हणायची, इनुससारखी शरम आजच्या पोरांत राहिली नाही. "सलाम बाजी," तो म्हणाला, डबा उंबऱ्यावर ठेवून बाजूला झाला आणि तिला जायला वाट करून दिली, पार भिंतीला चिकटून, तिच्या बुरख्याचा वाराही लागू नये इतका.  मागच्या वेळचे खजूरही त्यानंच आणले होते हे तिला आता आठवलं. आत सतरंजी अंथरलेली, आणि पुढं, ती बसायची त्या जागी, दोन स्टीलच्या वाट्या घासूनपुसून ठेवलेल्या. सुलतानबी पानाच्या डब्याशी बसल्या होत्या. "तोच सबक घे आज पुन्हा," त्या म्हणाल्या. "बाया इसरत्यात." सुफियानं त्यांच्याकडं पाहिलं. सुलतानबी अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या आणि सुपारी काही केल्या कातरली जात नव्हती. ती पुन्हा पुन्हा निसटत होती. "खाला," सुफिया म्हणाली, "उद्या काय आहे ते तुम्हाला माहीत आहे ना?" सुलतानबीनं सुपारी उचलली. "उद्या जुम्मा हाय," त्या म्हणाल्या. "चल, बाया यायला लागल्या."

बायका आल्या, चपलांचा ढीग झाला. जैतून आली आणि मागच्या भिंतीशी बसली. आज सुफियानं तिच्याकडं नीट पाहिलं. ओढणी हनुवटीखाली पिनेनं घट्ट लावलेली, इतकी घट्ट की गळ्याला वळ पडला असावा. सुफियानं डब्यातल्या खजुरांनी एक वाटी भरली आणि पुढं ओढली. हातात खजूर घेतला. चिकट, थंड. हा खजूर इथंच ठेवून देता येतो, तिच्या मनात आलं. आज नमाजाआधी हातपाय धुण्याचे, वुजूचे नियम शिकवते, आज डोकं दुखतंय. उद्या कमिटी बसेल, जैतून बोलणार नाही, सुवर्णाचं काम जाईल. सलमानची व्हॅन राहील, ही खोली राहील, ही सतरंजी राहील. पुढच्या जुमेरातीला आणखी काही शिकवता येईल. खोली गेली तर या बायकांना कोण शिकवणार? हे सगळं किती शहाणपणाचं होतं! शहाणपणाचं होतं म्हणूनच तिला भीती वाटली. "मागच्या वेळी सबक अर्धा राहिला होता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला परका वाटला. "चूक माझी होती. अजान झाली आणि मी उठले. आज उरलेला अर्धा."

तिनं अंगठा वर केला. हाजरा उस्तानी करायच्या तसाच. मराठीत सांगितलं, साध्या शब्दांत, की वाईट बोलणं अल्लाहला आवडत नाही, पण जिच्यावर जुलूम झाला तिची गोष्ट वेगळी, ती बोलू शकते. न्याय देणाऱ्यापुढं तिनं नाव घेतलं तर ती गीबत नाही. तिच्या वाटीतून एकही खजूर जात नाही.   सुलतानबीचा अडकित्ता थांबला होता. सुफियाला वाटलं, झालं, एवढं पुरे, आता थांबावं. तेवढ्यात मागच्या भिंतीकडून आवाज आला, इतका बारीक की दोघीतिघींनी वळून पाहिलं. जैतून बोलत होती. दर्समध्ये पहिल्यांदाच. "बाजी, मंग खजूर जातच न्हाईत का कुठं?" सुफियानं तिच्याकडं पाहिलं आणि उत्तर द्यायला तिला अवघड गेलं, कारण समोर, हात लावता येईल इतक्या जवळ, एक आई बसली होती. तिनं दुसरी, रिकामी वाटी उचलली. "जातात," ती म्हणाली. "ज्यानं जुलूम केला त्याच्या वाटीतून, जिच्यावर केला तिच्या वाटीत. त्याच्या नमाजा, त्याचे रोजे, त्यानं वाटलेली खैरात. सगळं." आणि तिनं खजूर टाकायला सुरुवात केली, एक एक, या वाटीतून त्या वाटीत. या वेळी कुणी हसलं नाही. स्टीलवर खजूर पडल्याचा आवाज होत नाही म्हटलं तरी होत होता. वाटी रिकामी झाली. ती उपडी करायला मात्र सुफियाचा हात धजला नाही.

बायका मुकाट्यानं उठल्या. नेहमीची कुजबुज नाही, चपला शोधताना हसणं नाही. जैतूनही निघून गेली, मान खाली घालून, आणि सुफियाला वाटलं, व्यर्थ. सगळं व्यर्थ गेलं. तिनं सतरंजीची घडी घालायला घेतली. "राहू दे," सुलतानबी म्हणाल्या. त्या पानाच्या डब्याशी तशाच बसून होत्या. "पुढच्या जुमेरातीला दुसरी जागा बघ पोरी. माझ्या घरात माझ्या लेकाची वाटी रिकामी केलीस तू." सुफियाला रडू आलं. तिचं या म्हातारीवर खरोखर प्रेम होतं, ते काही एका दुपारीत जात नाही. "मी नाही केली, खाला," ती कशीबशी म्हणाली. सुलतानबीनं दोन्ही वाट्या जवळ ओढल्या, एकीत एक घातल्या, पुन्हा काढल्या. मग मान न उचलता त्यांनी विचारलं, "आन् ज्याला म्हाईत हुतं, आन् त्यानं बोलणाऱ्याचं तोंड बांधलं? त्याच्या वाटीतलं कुणाला जातं?" हाजरा उस्तानींनी याचंही उत्तर शिकवलं असणार. सुफियाला ते आठवलं नाही, किंवा आठवूनही सांगवलं नाही. तिला दौंडच्या मोरीच्या दारात बसलेली, सगळं कळल्यावर कूस बदललेली एक पोरगी दिसत राहिली.

ती बाहेर आली. ओट्यावर ऊन उतरलं होतं, इनुस कुठं दिसत नव्हता. चपलांच्या जागी तिच्या एकटीच्या चपला उरल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी, भिंतीला पाठ लावून, जैतून उभी होती. गेली नव्हती ती. हनुवटीखालची पिन तिनं काढली होती, ती बोटांत फिरवत होती. "उद्या तिथं लई लोक असत्याल, बाजी," ती म्हणाली. "मला येईल का न्हाई बोलायला? म्हणून म्हटलं, आधी एकदा म्हणून बघावं." मागं दार उघडंच होतं. आत वाट्यांचा आवाज थांबला. सुफियाला वाटलं, हिला पुढं गल्लीत न्यावं, इथं नको, म्हातारीला ऐकू जाईल. मग वाटलं, जाऊ दे. ती चपला न घालता तशीच, अनवाणी, ओट्याच्या कडेला बसली आणि जैतूनला शेजारी जागा करून दिली. जैतून बसली नाही. उभ्यानंच, समोरच्या भिंतीकडं बघत, शाळेतल्या पोरीसारखी एका दमात म्हणाली, "इनुसनं दार लावून घेतलं." आणि गप्प झाली. नाव बाहेर पडलं होतं. आकाश कोसळलं नाही, पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. जैतून थांबली होती, पुढचं तोंडात घेऊन, आणि सुफियाला कळलं की ती कशासाठी थांबली आहे.

"मग?" सुफियानं विचारलं.